देगावकर सर वर्षावनाला निघतात

माणसाने एक वेळ खोटं बोलावं, पण नववी ब समोर बोलू नये. दहावीची पोरं परीक्षेच्या धास्तीत असतात, आठवीची अजून सरांना भितात. नववीला मात्र काही उद्योग नसतो, त्यामुळे ती पोरं जे ऐकतात ते लक्षात ठेवतात. नारायणराव देगावकर यांना तेहतीस वर्षं भूगोल शिकवून हे ठाऊक नव्हतं असं नाही. तरीही निवृत्तीला दीड महिना उरलेला असताना, मार्चच्या एका दुपारी, त्यांच्या हातून हे घडलं.

धडा उष्णकटिबंधीय वर्षावनांचा होता. बाहेर सोलापूर बेचाळीस अंशांवर तापलेलं, वर्गातला पंखा गरम हवा इकडून तिकडे नेऊन ठेवत होता आणि सर सांगत होते की तिथे झाडं इतकी दाट असतात की जमिनीला ऊन दिसत नाही, आणि रोज दुपारी चारच्या सुमारास पाऊस पडतो. "रोज?" असा एक सुस्कारा वर्गातून आला. चार दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावातल्या पोरांना हे ऐकवणं तसं क्रौर्यच होतं, पण अभ्यासक्रमाला इलाज नाही.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची जोया उभी राहिली. सरांच्याच कॉलनीच्या कोपऱ्यावर शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या राजेसाबची ही मुलगी. आगाऊ मुळीच नाही. तिला खरोखर जाणून घ्यायचं असायचं, आणि शिक्षकांना त्याचाच जास्त त्रास होतो.

"सर, तुमी स्वतः बघितलंय का असलं जंगल?"

'नाही' हा शब्द काही अवघड नाही. दोन अक्षरं आहेत. पण तेहतीस वर्षांची नोकरी, अंगातून वाहणारा घाम आणि समोर बावन्न चेहरे असं सगळं एकत्र आलं आणि सरांच्या तोंडून निघालं, "म्हणजे काय! न बघता शिकवतो होय मी?"

एवढ्यावर भागलं असतं. पोरं दिवाळीपर्यंत विसरली असती आणि दिवाळीला सर शाळेत नसतेच. पण नेमके त्याच वेळी मुख्याध्यापक अभिमन्यू माने व्हरांड्यातून फेरी मारत होते. माने सर तसे सज्जन गृहस्थ, मात्र महिन्यात एखादा कार्यक्रम झाला नाही तर त्यांना अन्न गोड लागत नसे. ते दारातच थबकले.

"देगावकर सर, तुम्ही वर्षावनात जाऊन आलात आणि आम्हाला पत्ता नाही?"

संध्याकाळी शिक्षकखोलीतल्या फळ्यावर मजकूर झळकला. तीस एप्रिल, सकाळी दहा, देगावकर सरांचा निरोप समारंभ. सत्काराला उत्तर म्हणून सरांचं व्याख्यान, 'वर्षावनातील माझे दिवस', छायाचित्रांसह. 'छायाचित्रांसह' या शब्दाखाली माने सरांनी स्वहस्ते दोन रेघा ओढल्या होत्या.

घरी आल्यावर नारायणरावांनी चपला काढायच्या आधी सगळं पद्मजाबाईंना सांगून टाकलं. पद्मजाबाईंनी पंचवीस वर्षं बालवाडी चालवली होती. इतक्या वर्षांत एकाही पोराला त्यांनी "बागुलबुवा येईल" म्हणून भीती घातली नव्हती, कारण बागुलबुवा येत नाही आणि पोरांशी खोटं बोलायचं नाही, असा त्यांचा नियम होता. त्या शांतपणे शेंगा सोलत राहिल्या.

"मग बघून या," त्या म्हणाल्या.

"काय?"

"जंगल. तीस तारखेला सांगायचंय ना? त्याच्या आधी बघून या. मग ते खोटं राहणार नाही. नुसतं आधी बोललेलं होईल."

नारायणरावांना हा युक्तिवाद फारच आवडला. ॲमेझॉन काही आपल्या आवाक्यातलं नव्हतं, पण कर्नाटकात शिमोग्याच्या पलीकडे घाटात असलं जंगल आहे हे ते स्वतःच दर वर्षी शिकवत होते. विजापूर, हुबळी करत गेलं की झालं. परीक्षा संपून निरोप समारंभ होईपर्यंत सहा दिवसांची फट होती. पद्मजाबाईही बरोबर येणार असं ठरलं, कारण सर एकटे गेले तर त्यांना जंगलातून परत कोण आणणार, असा प्रश्न त्यांनीच विचारला.

बातमी कॉलनीत पसरायला किती वेळ लागणार? आपल्याकडे माणूस बार्शीला लग्नाला निघाला तरी चार जण सल्ला देऊन जातात. हे तर जंगल. पण इथे एक नाजूक भानगड होऊन बसली होती. सर वर्षावनात एकदा जाऊन आलेले, हे शाळेतून पोरांमार्फत घरोघरी पोचलेलं. त्यामुळे सल्ला द्यायला कुणी येईना. सगळे विचारायलाच येऊ लागले. अडाणी माणसाला जग शिकवतं. जाणकाराला मेला कुणी काही सांगत नाही.

पहिला आला राजेसाब. गळ्यात टेप, कानाला पेन्सिल.

"सर, मागल्या टायमाला जळवांचं काय केलं तुमी? आमची जोया सांगती, लई जळवा असत्यात म्हणं तितं."

"मोजे," नारायणराव पुस्तकी माहितीच्या भरवशावर म्हणाले. "गुडघ्यापर्यंत. जाड कापडाचे."

"किती जाड?"

आता आली का पंचाईत. "चांगले जाड," सरांनी ठोकून दिलं.

राजेसाब हा कामाचा माणूस. 'चांगले जाड' म्हटल्यावर सोलापूरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे एकच कापड येतं. तीन दिवसांनी मोजे तयार होऊन आले ते अस्सल चादरीचे. दोन्ही गुडघ्यांवर एकेक मोर. त्यातून जळूच काय, विळाही आत गेला नसता. फक्त ते घातल्यावर पाय बुटात जाईना. मग दोन नंबर मोठे बूट घेतले. त्यात मोज्यासकट पाय गेला, पण गुडघा वाकेना. नारायणराव अंगणात चालून दाखवायला लागले तेव्हा दोन्ही मोर आळीपाळीने पुढे येत होते आणि सर तेवढे मागे राहत होते.

"बरोबर बसलंय न्हवं?" राजेसाबने विचारलं. "मागल्या वेळचे असेच होते?"

"साधारण असेच," नारायणराव म्हणाले आणि कठड्याला धरून उभे राहिले.

मग रेनकोट. एप्रिल महिन्यात सोलापुरात रेनकोट मागणाऱ्या माणसाकडे लोक कसं बघतात हे अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. बाजारातल्या पहिल्या दुकानदाराने नारायणरावांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं. दुसऱ्याने आतून भावाला बोलावून "हे बघ, हे रेनकोट मागतायत" म्हणून दाखवलं. तिसऱ्याकडे खरोखर एक होता, पण तो पहिलीतल्या मुलाचा होता आणि त्याला सशाचे कान होते.

पुन्हा राजेसाब धावून आला. चौकातल्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक नुकताच उतरवला होता, त्याचं कापड त्याने मिळवलं. फलकाचं कापड पावसाला दाद देत नाही, हे सर्वमान्य आहे. त्यातून त्याने दोन रेनकोट शिवले, उरलेल्याची एक ऐसपैस पिशवीही शिवली. पद्मजाबाईंच्या पाठीवर 'हार्दिक शुभेच्छा' आले. नारायणरावांच्या पाठीवर पुढाऱ्याचा अर्धा चेहरा, एक डोळा, अर्धी मिशी आणि जोडलेले हात आले. सर पाठमोरे चालू लागले की पुढारी मतदारांना नमस्कार करत लांब जातोय असं वाटे. नारायणरावांनी आयुष्यभर कोणत्याही पक्षाची पावती फाडली नव्हती. त्यांना हे फार लागलं, पण बोलणार कुणाला?

आता परवाना. जंगलात शिरायला तिथल्या वनकार्यालयाचा परवाना लागत होता आणि अर्ज होता कन्नडमध्ये. खालच्या मजल्यावर राहणारे गुरुबसप्पा मूळचे दुधनीचे, तुरीचे आडते. कन्नड त्यांच्या घरात बोललं जाई, आणि अर्ज भरणं हा तर त्यांचा हातखंडा, कारण बाजार समितीचे अर्ज ते चाळीस वर्षं भरत होते. ते चष्मा लावून बसले.

"काळजी माडब्याड्री, सर. म्हणजे काळजी करू नका. मी हाय."

त्यांनी नाव, पत्ता, वय भराभर लिहिलं. मग एका रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "हितं विचारलंय, या आधी असल्या जंगलात गेलाय काय? 'होय' लिहितो." आणि नारायणरावांनी तोंड उघडायच्या आत लिहूनही टाकलं. नववी ब मध्ये बोललेलं खोटं आता सरकारी झालं. नारायणरावांनी घशाशी आलेला शब्द चहाबरोबर गिळला.

बारा दिवसांनी उत्तर आलं. गुरुबसप्पांनी ते वाचलं आणि चष्मा काढून पुसला. 'भेटीचा हेतू' या रकान्यात त्यांनी सवयीने 'खरेदीपूर्व पाहणी' लिहिलं होतं. चाळीस वर्षांत त्यांनी दुसरं काही लिहिलेलंच नव्हतं. कार्यालयाने नम्रपणे कळवलं होतं की जंगलाचा कोणताही भाग विक्रीस नाही. दुसरा मुद्दा असा, की अर्जदार पूर्वी येऊन गेले असल्याने आधीच्या परवान्याची प्रत जोडावी.

"पैलं माझं चुकलं," गुरुबसप्पा मोठ्या मनाने म्हणाले. "दुसरं सोपं हाय. ती जुनी प्रत द्या की काढून."

"शोधतो," म्हणून नारायणराव तडक गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीमागे बसून त्यांनी त्या कार्यालयाला फोन लावला आणि अर्ध्या हिंदीत, अर्ध्या इंग्रजीत, दबक्या आवाजात सांगितलं की आधीचा परवाना नाही, कारण आधी गेलेलो नाही, आणि जंगल विकत घ्यायचा इरादाही नाही. पलीकडचा कारकून भला माणूस होता. त्याने कारण विचारलं तेव्हा नारायणरावांनी त्याला नववी ब सकट सगळं सांगितलं. तो मिनिटभर हसला, मग गंभीर होऊन म्हणाला की त्याचे वडीलही शिक्षक होते. आठवड्यात परवाना आला. वर स्पष्ट लिहिलं होतं, मूळ प्रत दाखवल्याखेरीज प्रवेश नाही, तारीख बदलून मिळणार नाही. पद्मजाबाई म्हणाल्या, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. नारायणराव म्हणाले, मूळ प्रत हातात असताना फोटोला कोण विचारतो?

या सगळ्या गडबडीत एक गोष्ट नारायणरावांच्या उशिरा लक्षात आली. पद्मजाबाई सुरुवातीला केवळ राखणदार म्हणून निघाल्या होत्या. पण हळूहळू त्यांनी शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तकं मागवली, एक कोरी वही घेतली आणि तिच्यात पक्ष्यांची नावं लिहायला लागल्या. भाजी चिरता चिरता मध्येच म्हणायच्या, "अहो, धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते म्हणे, आणि नर बाहेरून घास भरवतो. दिसेल का हो आपल्याला?" लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. गावाच्या बाहेर जायचं म्हणजे कुणाचं तरी लग्न, बारसं नाहीतर दवाखाना, यापलीकडे त्या कधी गेल्या नव्हत्या, आणि गेल्या नाहीत म्हणून कधी बोललेल्याही नव्हत्या. नारायणरावांना आता त्या व्याख्यानाची जेवढी धास्ती होती, तेवढीच ही धनेशाची काळजी वाटायला लागली.

निघायच्या आदल्या दिवशी सगळी बांधाबांध झाली. गुरुबसप्पांच्या सावित्रम्मांनी चाळीस कडक भाकऱ्या दिल्या. कडक भाकरी आपल्या कोरड्या हवेत महिना-महिना टिकते, त्यामुळे सोलापूरचा माणूस तिच्या भरवशावर कुठेही जायला तयार असतो. शेंगाची चटणी, औषधं, मोरांचे मोजे, पक्ष्यांची वही आणि परवाना, सगळं फलकाच्या पिशवीत बसलं. भाकरीला हवा लागावी म्हणून पिशवीचं तोंड उघडं ठेवून ती मोरीजवळच्या बोळात, फरशीच्या गारव्याला ठेवली.

आता त्या बोळातला नळ. सोलापुरात घरातला नळ बंद करायची पद्धत नाही. पाणी कधी येईल सांगता येत नाही, म्हणून नळ सदा उघडा. त्यातून आधी हवा फुसफुसते, मग कुणीतरी "आलं, आलं!" म्हणून ओरडतं आणि घर जागं होतं. नळाला रबरी नळी, नळीचं टोक पिंपात. देगावकरांकडे पाण्याचा दिवस परवाचा होता आणि परवा ते जंगलात असणार होते. म्हणून पद्मजाबाईंनी पिंप घासून उपडं घातलं. नळीचं टोक जमिनीवर पडलं, पिशवीपासून हातभर. नळ मात्र हाताला सवय नसल्याने कुणी बंद केला नाही.

माने सरांनी दोघांना शाळेत बोलावलं होतं, समारंभाचा फलक बघायला. फलक छापणाऱ्याने 'जंगल' एवढंच ऐकून सरांच्या एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला कांगारू उभं केलं होतं. वर्षावनात सिंह नसतो आणि कांगारू तर तिथे कुणी बोलावलेलंही नसतं, हे माने सरांना समजावून सांगण्यात दोन तास गेले. शेवटी कांगारू काढायचं, सिंह ठेवायचा, अशी तडजोड झाली.

त्या दोन तासांत पाणी आलं. तीस वर्षांत जे वेळेवर आलं नाही ते दोन दिवस आधी आलं. का आलं कुणाला कळलं नाही. आलेल्या पाण्याला आपल्याकडे कारण विचारत नाहीत. सगळी कॉलनी हंडे, बादल्या, पातेली घेऊन धावली आणि पहिल्या मजल्यावरच्या देगावकरांच्या बोळात काय चाललंय याचा कुणाला पत्ता लागला नाही, जोवर ते पाणी दाराखालून निघून जिन्याने उतरत गुरुबसप्पांच्या उंबऱ्याशी पोचलं नाही.

नारायणराव आणि पद्मजाबाई परतले तेव्हा शेजाऱ्यांनी सावित्रम्मांकडे ठेवलेल्या किल्लीने दार उघडलं होतं आणि आत घोटाभर पाण्यात दहा माणसं वाकलेली होती. एक थेंब कुणी बाहेर लोटत नव्हतं. सावित्रम्मा ताटलीने फरशीवरचं पाणी बादलीत भरत होत्या, "धुण्याला होतंय," म्हणत होत्या. राजेसाब चादर पिळून पिळून पिंपात पाणी साठवत होता. नारायणराव सरळ पिशवीकडे गेले. राजेसाबने शब्द खरा केला होता. त्या कापडातून थेंब पार होत नव्हता. त्यामुळे पाण्याच्या जोराने नळी उसळून पिशवीच्या तोंडात पडली होती, आणि आत शिरलेलं पाणी काठोकाठ भरून तसंच उभं होतं. चाळीस कडक भाकऱ्यांची आंबील झाली होती. त्यावर चटणीचा तवंग होता. मधोमध एक मोर तरंगत होता. परवान्याचा कागद बोटात धरला तर बोटालाच चिकटून राहिला, आणि वहीतल्या पक्ष्यांची शाई वाहून सगळं पान निळं झालं होतं.

पद्मजाबाईंनी ती वही पदराला पुसली, उलटीसुलटी करून पाहिली आणि खिडकीत वाळत ठेवली.  रागावल्या असत्या तर नारायणरावांना बरं वाटलं असतं.

राजेसाबला राहवेना. "सर, तुमचं काय न्हाई हो, तुमी तर एकदा बघितलंय. वैनींचंच राहिलं बघा."

सगळे पद्मजाबाईंकडे बघायला लागले. जोयाही हातात फडकं घेऊन दारात उभी होती. नारायणरावांच्या तोंडात शब्द आला होता, खरोखर आला होता, पण दहा माणसं आणि घोटाभर पाणी बघून तो परत फिरला.

"हो ना," पद्मजाबाई म्हणाल्या. "यांचं झालंय बघून. माझं राहिलं. होतं असं."

बागुलबुवाचंही खोटं कधी न बोललेली बाई आपल्यासाठी हे बोलली. नारायणरावांना त्या पाण्यातच बुडून जावंसं वाटलं, पण सावित्रम्मांनी तोपर्यंत बरंचसं भरून नेलं होतं.

तीस तारीख आली. सभागृह भरलं. फलकावर सर आणि सिंह. माने सर अर्धा तास बोलले. देगावकर सर म्हणजे अनुभवाचा महासागर, असं त्यांनी चार वेळा सांगितलं. हार झाला, शाल झाली, नारळ झाला. मग पडद्यावर 'वर्षावनातील माझे दिवस' अशी अक्षरं आली आणि सर माईकसमोर उभे राहिले. पहिल्या रांगेत पद्मजाबाई बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघून मान हलवली. 'सांभाळून घ्या' असा त्याचा अर्थ होता, आणि त्या क्षणी तोच नारायणरावांना सहन झाला नाही.

"वर्षावनातले माझे दिवस," ते म्हणाले, "शून्य आहेत."

माने सर खुर्चीत ताठ झाले.

"मी असलं जंगल कधी बघितलेलं नाही. तेहतीस वर्षं पुस्तकातून शिकवलं, त्यात चूक काही नाही. पण नववी ब ला मी सांगितलं की बघितलंय, आणि ते खोटं होतं. जोया, उभी राहा बाळ. तू सरळ प्रश्न विचारलास आणि मी तुला खोटं उत्तर दिलं. माझं चुकलं. आणि ते झाकायला घरच्या माणसालाही खोटं बोलावं लागलं, ते त्याहून चुकलं."

 शालीचं एक टोक सरांच्या खांद्यावरून घसरून टेबलावर पडलं. जोया उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते.

"सर, मला ठाऊक होतं."

"काय?"

"तुमी जितं जितं गेलाय ते दर तासाला सांगता. हंपीची सहल तर आख्ख्या वर्गाला पाठ हाय. तुंगभद्रेत तुमची चप्पल कशी वाहून गेली ते सुदिक. जंगलाचं एकदा पण सांगितलं न्हाई. गेला असता तर सांगितल्याशिवाय राहिला असता काय?"

पहिल्यांदा मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग नववी ब हसली, मग दहावी. शेवटच्या रांगेत राजेसाब तोंडावर रुमाल धरून गदगदत होता. त्यालाही ठाऊक होतं हे उघड होतं. शेजारी बसलेले गुरुबसप्पा मात्र इकडे तिकडे बघत, "म्हंजे गेले न्हवते?" म्हणून विचारत होते.

"मग आधीच का नाही सांगितलंस?" नारायणरावांनी विचारलं. 

जोयाने पद्मजाबाईंकडे बघितलं, मग सरांकडे.

"सांगितलं असतं तर तुमी जायचंच रद्द केलं असतं की, सर."

तेहतीस वर्षं उत्तर चुकलेल्या पोरांना उभं करणारे देगावकर सर खाली बसले, खुर्चीवर नव्हे, व्यासपीठाच्या पायरीवरच. ते हसत होते आणि डोळे पुसायला त्यांना शालीशिवाय काही सापडत नव्हतं. पद्मजाबाई उठून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या, सगळ्या शाळेसमोर. माने सरांना हे कार्यक्रमपत्रिकेत कुठे बसवावं समजेना. शेवटी त्यांनी स्वतःच टाळ्या सुरू केल्या.

एक मेच्या सकाळी, सात वाजता, निवृत्त नारायणराव देगावकर एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीसमोर रांगेत उभे होते. मागे पद्मजाबाई, हातात वही. वहीची पानं वाळून फुगली होती आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं होतं. नव्या परवान्याचं तिथे गेल्यावर त्या भल्या कारकुनालाच विचारायचं ठरलं होतं. नंबर आला. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "बोला, कुटं?"

नारायणराव खिडकीत वाकले आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "शिमोग्याच्या पुढे जायचंय हो. आम्ही पहिल्यांदाच चाललोय, काही म्हणजे काही माहीत नाही. जरा नीट सगळं सांगा."